फवारणीच्या पंपावरून पल्सेटिंग फ्लो: बाउंड्री कंडिशन लावायची कशी

मामाच्या रानात एचटीपी पंप चालू असला की गेजचा काटा एका जागी म्हणून थांबत नाही, नुसता थरथरत असतो, वाचायचं म्हटलं तर अठरा म्हणू का बावीस हेच कळत नाही. मामा म्हणतो मधला धरायचा आणि गन हातात घ्यायची. फवारणीला ते चालतंय. मी पण तेच केलं, फक्त रानात नाही, लॅपटॉपवर, पाण्याच्या फ्लोच्या सिम्युलेशनमध्ये. शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं असल्याच तीन प्लंजरच्या पंपाचं डिलिव्हरी मॅनिफोल्ड, म्हणजे तिन्ही प्लंजरचं पाणी गोळा करून पुढं देणारा भाग, बघायला दिलं होतं, कास्टिंगला एका कोपऱ्यात क्रॅक जात होता, आणि मी सरासरी फ्लो टाकून स्टेडी रन मारला (वेळेनुसार काहीच बदलत नाही असं धरून), रंगीत चित्रं काढली, पाठवून दिली. त्यांनी चित्रं बघितली आणि फोनवर एवढंच विचारलं, "होय साहेब, पण ह्यात फाटतंय कुठं?" फाटायला काही कारणच नव्हतं त्या चित्रात, सगळीकडं निवांत २० बार.

मग सगळं परत केलं, ह्यावेळी पंपाचे ठोके धरून. त्यात काय काय चुकलं आणि शेवटी काय बसलं ते लिहितोय. तुम्हाला मेश करता येतो आणि स्टेडी केस चालवता येते एवढं धरून चाललोय. सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर ओपनफोम असो नाहीतर फ्लुएंट, विचार एकच, बटणं फक्त वेगळी. बाउंड्री कंडिशन म्हणजे मॉडेलच्या तोंडांवर आपण लिहून द्यायचा फ्लो नाहीतर प्रेशर. आणि आधीच सांगतो, इनलेटला साइन वेव्ह लावली की पल्सेटिंग, म्हणजे ठोक्याठोक्यानं येणारा, फ्लो झाला असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं होतं, पण ते अर्ध्या तासाचं काम हाय. लई घोळ आउटलेटला असतो.

पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर उघडायचं नाही, वही घ्यायची. माझ्या पंपाचे आकडे असे: ९०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १५ फेरे, एक फेरा ६६.७ मिलिसेकंदाचा. एकूण फ्लो मिनिटाला ३० लिटर, तीन प्लंजर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १०. आता इथं पहिला खड्डा. बरेच जण १० सरासरी आणि तिच्यावर वरखाली साइन असं लिहून मोकळे होतात. पण प्लंजर अर्धा फेरा ढकलतो आणि अर्धा फेरा ओढतो, ओढताना डिलिव्हरी वॉल्व बंद असतो, म्हणजे अर्धा वेळ त्या तोंडातून फ्लो शून्य आणि उरलेल्या अर्ध्या वेळेत साइनचा वरचा अर्धा डोंगर. असल्या अर्ध्या साइनची पूर्ण फेऱ्यातली सरासरी म्हणजे पीक भागिले पाय, मग सरासरी १० पाहिजे असेल तर पीक ३१.४ लिटर घ्यावा लागतो. एकट्या प्लंजरचा पीक तिघांच्या मिळून सरासरीपेक्षा थोडा जास्तच, हे डोक्यात बसायला मला जरा वेळ लागला. १० मिलिमीटर तोंडातून तो फ्लो काढला की वेग येतो साधारण ६.७ मीटर प्रति सेकंद.

मग तिन्ही तोंडांना तोच डोंगर द्यायचा, पण १२० अंशांनी सरकवून, वेळेत म्हणजे २२.२ आणि ४४.४ मिलिसेकंदांनी. तिघांची बेरीज कागदावर काढून बघा, मजा येते. प्लंजर तीन म्हणून फेऱ्याला तीन लाटा येतील असं मी बिनधास्त धरलं होतं, पण येतात सहा, कारण प्लंजरची संख्या विषम असली की अर्ध्या साइनची बेरीज दुप्पट वेळा वरखाली होते. सहा लाटा, ९० हर्ट्झ, आणि फ्लोचा वरखालीपणा सरासरीच्या फक्त १४ टक्के. एवढ्यावर मी खूश झालो, आणि तिथंच परत चुकलो, कारण क्रँकला जोडलेला कनेक्टिंग रॉड काही अनंत लांब नसतो. रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या ५ पट धरला तर प्लंजरचा वेग म्हणजे साइन थीटा अधिक ०.१ गुणिले साइन दोन थीटा, आणि ही छोटी दिसणारी शेपूट बेरजेत सगळा खेळ बदलते: फ्लो सरासरीच्या ७ टक्के वर आणि १८ टक्के खाली जातो, म्हणजे एकूण २५ टक्के, आणि फेऱ्याला तीनची लाट, ४५ हर्ट्झ, ठळक होऊन बसते. सांगायचं कारण म्हणजे वेव्हफॉर्म मशीनवरून काढा, मनातल्या साइनवरून नाही. मोजलेला डेटा असेल तर लई चांगलं, नसेल तर निदान मेकॅनिझमचं गणित करा, दोन ओळींचं तर असतंय.

आता प्रोफाइल. तोंडावर वेग सगळीकडं सारखा द्यायचा का मधे जास्त कडेला कमी, हा प्रश्न वुमर्सली नंबर सोडवतो. वुमर्सली हा इंग्रज गणिती, १९५५ साली त्यानं धमन्यांतल्या रक्ताचं गणित मांडलं, पण नंबर पंपालाही तसाच लागू. त्रिज्या गुणिले वर्गमूळ, आणि मुळाच्या आत ओमेगा (दोन पाय गुणिले हर्ट्झ) भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. एकच्या खाली असेल तर पाण्याला प्रत्येक क्षणी जुळवून घ्यायला वेळ मिळतो, पॅराबोला द्यायचा आणि तोच वरखाली करायचा. दहाच्या वर गेला की मधलं पाणी अख्खं एका गठ्ठ्यानं पुढं मागं होतं आणि व्हिस्कॉसिटीचा खेळ भिंतीजवळच्या पातळ थरापुरता उरतो. एवढंच नाही, वेग सगळ्यात जास्त मधे नसून भिंतीच्या जरा अलीकडं सापडतो, रिचर्डसन आणि टायलर यांनी हे १९२९ मध्ये प्रयोगात पकडलं होतं. माणसाच्या महाधमनीत हा नंबर १९ च्या आसपास येतो, आपल्या पंपाच्या १० मिलिमीटर तोंडात १५ हर्ट्झला ४८. म्हणजे पॅराबोला विसरायचा. त्यात रेनॉल्ड्स नंबर ६० हजाराच्या वर, फ्लो टर्ब्युलंट, मी सरळ सपाट प्रोफाइल दिला आणि तोंडाच्या मागं थोडा सरळ पाइप जोडला. लॅमिनार केस असेल, बारीक नळी, रक्त वगैरे, तर मात्र वुमर्सलीचा बेसेल फंक्शनवाला प्रोफाइल द्या, नाहीतर लांब पाइप जोडून तो आपोआप तयार होऊ द्या, दोन्ही चालतंय.

ह्याच जागी मेशचं एक सांगून टाकतो. भिंतीजवळचा तो पातळ थर १५ हर्ट्झला ०.१५ मिलिमीटर आणि ४५ हर्ट्झला ०.०८ मिलिमीटरचा असतो. त्यात आठ दहा सेल बसले पाहिजेत. वॉल फंक्शन लावून वेळ मारून नेता येते पण मग भिंतीवरच्या शिअरचं फेजगणित विसरा.

सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं कसं? ओपनफोममध्ये फ्लो रेट इनलेट व्हेलॉसिटी ही कंडिशन घ्या, तिला वेग नाही, थेट फ्लो द्यायचा, क्षेत्रफळाचा भागाकार ती स्वतः करते, म्हणजे मेशच्या तोंडाचं क्षेत्रफळ खऱ्या वर्तुळापेक्षा जरा कमी निघालं तरी लिटरचा हिशोब चुकत नाही. फ्लोच्या जागी टेबल देता येतं, एका फेऱ्याचं टेबल द्या आणि आउट ऑफ बाउंड्सला रिपीट लिहा. पहिला आणि शेवटचा आकडा सेम पाहिजे, नाहीतर प्रत्येक फेऱ्याच्या सांध्यावर ठेच लागते. फ्लुएंटमध्ये डिफाइन प्रोफाइलचं यूडीएफ (आपण लिहिलेला छोटा कोड) किंवा सरळ एक्सप्रेशन, नवीन व्हर्जनमध्ये एक्सप्रेशनच सोपं पडतं, साइन आणि मॅक्स एवढ्यात काम होतं, साइन निगेटिव्ह गेली की मॅक्स तिला शून्यावर अडवतो.

टेबलवाल्यांनी जरा इकडं लक्ष द्या. मी पहिल्यांदा फेऱ्याचे वीस पॉइंट एक्सेलमधून काढून टाकले, वेगाचा ग्राफ बघितला तर एकदम गुळगुळीत, आणि प्रेशरचा ग्राफ उघडला तर जोतिबाच्या पायऱ्या! दोन दिवस मी सॉल्व्हरला शिव्या घालत होतो, रिलॅक्सेशन बदल, स्कीम बदल, मेश बारीक कर. दोष माझ्या टेबलाचा होता. इनकॉम्प्रेसिबल फ्लोमध्ये प्रेशर नुसतं वेगावर नाही, वेग किती झपाट्यानं बदलतोय त्याच्यावरही चालतं, आणि दोन पॉइंटच्या मधे सॉफ्टवेअर सरळ रेघ ओढतं, सरळ रेघेचा उतार एकच, म्हणजे प्रेशर तेवढा वेळ सपाट, पुढच्या पॉइंटला उतार बदलला की प्रेशरची उडी. उपाय म्हणजे फॉर्म्युला द्या, नाहीतर टेबलमध्ये टाइमस्टेप इतके बारीक पॉइंट द्या. मोजलेला डेटा असेल तर त्याची फुरिए सिरीज काढा, आठ दहा हार्मोनिक बास होतात, आणि बेरीज करून बघा की सरासरी हलली नाही ना.

सुरुवातीचा धक्काही ह्याच जातीचा. मॅनिफोल्ड आणि पुढं जोडलेला पाइप मिळून ०.३ मीटर, पाणी स्थिर, आणि पहिल्याच टाइमस्टेपला, समजा ०.१ मिलिसेकंदात, त्याला ६.४ मीटरचा वेग दिला, तर डेन्सिटी गुणिले लांबी गुणिले वेगबदल भागिले वेळ, उत्तर १९२ बार. २० बारच्या पंपात १९२ बार! नवीन माणूस हे बघून घाबरतो आणि टाइमस्टेप अजून बारीक करतो, मग ते ३८४ होतं, आणि मग तो मेसेज करतो की भावा सॉल्व्हर फुटलाय. सॉल्व्हर बिचारा बरोबर सांगतोय, तुम्ही पाण्याला तसा धक्का दिलाय. पहिला एक फेरा रॅम्प लावा, शून्य ते एक असा कोसाइनच्या अर्ध्या लाटेनं चढणारा गुणक सगळ्या इनलेटला सारखा. नाहीतर सरासरी फ्लोचा स्टेडी रन घेऊन तिथून सुरू करा, तरी पहिली एकदोन स्टेप उडी दिसणारच, ती फेकून द्यायची.

टर्ब्युलन्सचं थोडक्यात: इंटेन्सिटी ५ टक्के वगैरे दिली की इनलेटचा के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) वेगाच्या वर्गानं वरखाली होतो, ते ठीक हाय, पण आपल्याकडं अर्धा वेळ वेग शून्य, मग के पण शून्य, आणि ओमेगा (हा टर्ब्युलन्स मॉडेलचा, वुमर्सलीचा नाही) नाहीतर एप्सिलॉन कुठल्यातरी भागाकारात जाऊन केस मरते. छोटी किमान किंमत बांधून ठेवा.

आता आउटलेट, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

सगळी ट्यूटोरियल सांगतात आउटलेटला प्रेशर शून्य ठेवा. ठेवायला काही नाही, पण त्याचा अर्थ काय होतो ते बघा. त्याचा अर्थ, माझ्या पाइपच्या तोंडापलीकडं एक भलामोठा तलाव हाय, रंकाळ्याएवढा, त्यात कितीही पाणी सोडलं तरी पातळी हलत नाही. आपल्या पंपापुढं तलाव नाही, होज हाय, होजच्या टोकाला गन, गनला बारीक नोझल. पंचगंगेचंच घ्या. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण वर पाऊस थांबला तरी पाणी उतरेना झालं की आपण काय म्हणतो? खाली नृसिंहवाडीला कृष्णा भरलीय, ती पंचगंगेचं पाणी घेत नाही. कोल्हापुरातली पातळी वरून किती आलं एवढ्यावर ठरत नाही, खाली काय चाललंय त्यावरही ठरते, आणि नदीचं मॉडेल शिरोळच्या अलीकडं तोडायचं असेल तर त्या तोडलेल्या तोंडावर कृष्णेची पातळी लिहावीच लागते. आउटलेट म्हणजे तेच, जे आपण मेशमध्ये काढलं नाही त्याचा हिशोब.

नोझलचा हिशोब सोपा, प्रेशर म्हणजे के (इथं नोझलचा ठरलेला आकडा) गुणिले फ्लोचा वर्ग. ३० लिटरला २० बार, तर फ्लो ७ टक्के वर गेला की प्रेशर २२.८ बार आणि १८ टक्के खाली आला की १३.३ बार. सरासरी तीच, पण साडेनऊ बारचा झोका, सेकंदाला ४५ वेळा. तासाभराच्या फवारणीत १ लाख ६२ हजार झोके. फाटायला कारण मिळालं! आणि ह्याच्या शेजारी हे ठेवा की मॅनिफोल्डच्या आत पाणी वेग घेताना जे प्रेशर लागतं ते १० सेंटिमीटर लांबीला जेमतेम ०.६ बार निघतं. म्हणजे मी आठवडाभर जो मेश बारीक करत बसलो होतो त्यातून ०.६ बार येणार होते, आणि ज्या तोंडावर मी एकच आकडा लिहून पुढं गेलो होतो तिथं साडेनऊ बार बसले होते.

इथं एक बारकी पण लई उपयोगाची गोष्ट. भिंती कडक, पाणी इनकॉम्प्रेसिबल, इनलेटला फ्लो दिलेला आणि आउटलेट एकच, असं असेल तर आउटलेटमधून कुठल्या क्षणी किती फ्लो जाणार हे आधीच माहीत हाय, तिन्ही इनलेटची बेरीज. त्यामुळं आउटलेटचं प्रेशर सॉल्व्हर चालू असताना मोजायची गरजच नाही, एक्सेलमध्ये टेबल बनवा आणि लावा. त्याहून पुढचं म्हणजे, असल्या केसमध्ये आउटलेटचं प्रेशर काहीही ठेवा, वेगाचं चित्र तसूभर बदलत नाही, फक्त सगळीकडचं प्रेशर तेवढ्यानं वर खाली सरकतं. म्हणून कुणी नुसता वेग आणि शिअर बघत असेल तर शून्यावर त्याचं भागतं. पण स्ट्रेस काढायचा असेल, कॅव्हिटेशन (प्रेशर पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं) बघायचं असेल, तर भागत नाही. आणि आउटलेट दोन झाले, दोन गन लावल्या किंवा धमनीला फाटा फुटला, की मग कुठल्या फाट्याला किती पाणी जाणार हेच आउटलेटच्या प्रेशरवर ठरतं, तिथं दोन्हीकडं शून्य ठेवणं म्हणजे सरळ थाप मारणं.

आमच्या पंपाला दुसरं तोंड होतंच, एअर चेंबर. पंपाच्या डोक्यावर ते बंद भांडं असतं ना, त्यात वर हवा कोंडलेली असते, फ्लो वाढला की पाणी त्यात शिरतं, कमी झाला की हवा त्याला परत ढकलते. गंमत म्हणजे रक्ताभिसरणाच्या सिम्युलेशनमध्ये ज्या विंडकेसल मॉडेलचा सगळे जप करतात, ऑटो फ्रँकनं १८९९ मध्ये मांडलेलं, त्या जर्मन शब्दाचा अर्थच हवेचं भांडं, जुन्या बंबांवर असायचं ते. मामाच्या पंपावर विंडकेसल बसवलेलाच हाय, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही.

ते भांडं मेशमध्ये पूर्ण काढून दोन फेजचा सिम्युलेशन करायची हौस असेल तर करा, मी केली नाही. भांड्याची मान मेशमध्ये ठेवली आणि मानेच्या वर जिथं पाणी हवेला भिडतं तिथं तोडलं. मानेच्या बुडाशी तोडू नका, मानेतल्या पाण्याचं वजन हिशोबातून जातं. त्या तोंडावर प्रेशरची बाउंड्री, आणि प्रेशर हवेच्या गणितातून: प्रेशर गुणिले हवेच्या आकारमानाचा १.४ वा घात कायम. प्रत्येक टाइमस्टेपच्या शेवटी तोंडातून किती पाणी आत आलं ते मोजायचं, तेवढी हवा कमी करायची, नवीन प्रेशर काढायचं, पुढच्या स्टेपला लावायचं. ह्यात प्रेशर ॲब्सोल्यूट, म्हणजे वातावरणाचा १ बार धरून, घ्यावं लागतं, २० नाही २१ बार, आणि लावताना परत गेज करायचं. ओपनफोमवाल्यांना अजून एक सापळा, इनकॉम्प्रेसिबल सॉल्व्हरमध्ये प्रेशर डेन्सिटीनं भागलेलं असतं, म्हणजे २० बार लिहायचे तर २० लाख नाही, २०००. मी २० लाख लिहिले होते, सांगायला लाज कशाला.

कोड लिहिताना, ओपनफोममध्ये कोडेड फिक्स्ड व्हॅल्यू, फ्लुएंटमध्ये डिफाइन प्रोफाइल आणि जोडीला एक्झिक्यूट ॲट एंड. पॅरललमध्ये चालवत असाल तर फ्लोची बेरीज सगळ्या प्रोसेसरवरून गोळा करायची, ओपनफोमला त्यासाठी ग्लोबल सम असते, फ्लुएंटलाही, नाहीतर प्रत्येक प्रोसेसर आपापल्या वाट्याचं पाणी मोजतो आणि एकाच भांड्यात आठ वेगवेगळी प्रेशर तयार होतात. एका कोअरवर बरोबर आणि आठवर वेडंवाकडं आलं तर आधी हेच तपासा.

आणि ह्या तोंडातून पाणी आत बाहेर दोन्हीकडं जाणार हे ठरलेलं, त्यामुळं साधा आउटलेट लावलात तर फ्लुएंट रिव्हर्स्ड फ्लोच्या वॉर्निंगनं स्क्रीन भरून टाकेल. वॉर्निंगला घाबरायचं नाही, पण उलट येणाऱ्या पाण्यासोबत टर्ब्युलन्स किती येतो ते मात्र नीट लिहायचं. ओपनफोममध्ये वेगाला प्रेशर इनलेट आउटलेट व्हेलॉसिटी आणि बाकीच्यांना इनलेट आउटलेट, ही जोडी बसते. मुख्य आउटलेटचा पाइप मी वीस व्यास पुढं वाढवला, भोवरे तोंडावर येऊन अडकू नयेत म्हणून.

टाइमस्टेप मी ०.०५ मिलिसेकंद घेतली. ९० हर्ट्झची एक लाट ११ मिलिसेकंदाची, तिच्यात दोनशेच्या वर स्टेप बसतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या सेलला कूरंट नंबर (एका स्टेपमध्ये पाणी किती सेल ओलांडतं तो आकडा) ०.७ च्या आत राहतो. वेळेची स्कीम सेकंड ऑर्डर घ्या, फर्स्ट ऑर्डर यूलर लाटेची टोकं खातो आणि आपल्याला तर टोकंच पाहिजेत.

किती फेरे चालवायचे? लोक तीन म्हणतात, तीनच का ते कुणी सांगत नाही. भांड्यात १०० मिलिलिटर हवा असेल तर भांडं आणि नोझल मिळून स्थिरावायचा टाइम कॉन्स्टंट साधारण पाव सेकंद निघतो, पूर्ण बसायला सव्वा सेकंद धरा, म्हणजे वीस फेरे. सुरुवातीलाच भांड्यात २० बार भरून ठेवले तर चारपाच फेऱ्यात भागतं. तपासायचं असं, शेवटचे दोन फेरे एकमेकांवर ठेवून बघायचे, पीकमध्ये १ टक्क्याच्या आत फरक असला तर थांबा. रेसिड्युअल खाली गेले म्हणजे फेरे जुळले असं नसतं. त्यासोबत इनलेटमधला मोजलेला फ्लो फॉर्म्युल्यावर टाकून बघा आणि एका फेऱ्याचं आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी जुळवा, दहा मिनिटांचं काम हाय, मी ते केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. हे सगळं इनकॉम्प्रेसिबल चालतं कारण मॅनिफोल्ड वीतभर लांब हाय. पाण्यात आवाज सेकंदाला १४८० मीटर जातो, १५ हर्ट्झची लाट पाण्यात ९९ मीटर लांब होते, तिच्यापुढं वीतभर म्हणजे काहीच नाही. पण कुणी उत्साहात शंभर मीटरचा होज पण मेशमध्ये घेतला, तर एका टोकाची लाट दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पंपाचा अख्खा फेरा होतो, आणि होज लवचिक असल्यानं लाट त्याहूनही सावकाश जाते. तिथं होज एका मितीत मेथड ऑफ कॅरॅक्टरिस्टिक्सनं सोडवायचा आणि त्याचं उत्तर आपल्या आउटलेटला जोडायचं. आणि जुळवाजुळव करायला पंपावरचा गेज वापरू नका, तो काटा सेकंदाला ४५ वेळा हलूच शकत नाही, १३ ते २३ चा झोका तो आपल्याला १८ ते २२ दाखवतो. सेकंदाला हजार दोन हजार रीडिंग घेणारा प्रेशर ट्रान्सड्यूसर भाड्यानं आणा.

फाउंड्रीवाल्यांना दोन रन पाठवले, एकात भांड्यात १०० मिलिलिटर हवा, दुसऱ्यात फक्त १ मिलिलिटर. पहिल्यात होजकडचं प्रेशर जवळपास सरळ रेघ, दुसऱ्यात तो झोका बराचसा परत. हवा पाण्यात हळूहळू विरघळत जाते, भांडं कधी पाण्यानं भरलं ते बाहेरून कळत नाही.

पुढच्या रविवारी मामाकडं गेलो, पंप बंद केला, प्रेशर सोडलं आणि पान्यानं भांडं खोललं. काठोकाठ पाणी. ओतून परत बसवलं, पंप चालू केला, काटा २० वर जाऊन गप्प उभा राहिला. मामानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्हंजे मी मधला धरत होतो ते बरोबरच हुतं की रं."